संकोचाच्या भांडवलावर तारुण्याचा बाजार

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर आणि एस.टी. स्थानकांच्या कुंपणांवर रंगवलेल्या ‘हमखास इलाजा’च्या जाहिराती वऱ्हाडातील प्रवाशाला नव्या नाहीत. त्या जाहिरातींतील भाषा आता बदलू लागली आहे. जडीबुटी, भस्म आणि शिलाजित यांच्या जोडीला ‘पेशी-उपचार’ हा नवा शब्द आला आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या शरीरातून चरबी किंवा अस्थिमज्जा काढावयाची, तिच्यातील मूलपेशी वेगळ्या करावयाच्या आणि त्या पुन्हा टोचून ओसरलेली कामशक्ती परत आणावयाची, असे हे आश्वासन आहे. ते आता भिंतीवरून खिशातल्या मोबाइलवर आले आहे. भिंतीवरची जाहिरात चारचौघांत वाचावी लागे. ही एकांतात वाचता येते आणि एकांतातच तिला उत्तर दिले जाते.

अशा विषयावर वर्तमानपत्राच्या या पानात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पण हा बाजार ज्या कारणामुळे चालतो ते कारण हेच आहे. या विषयावर बोलावयाचे नाही, असे सभ्य समाजाने ठरवले आणि बोलण्याचा मक्ता विक्रेत्याकडे गेला. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे या उपचाराकडे मुख्यतः बाजार म्हणून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. ग्राहकाच्या लज्जेवर उभा असलेला बाजार कसा चालतो आणि तो कसा आवरता येईल, एवढाच येथे विचार केला आहे.

माकडाच्या ग्रंथीपासून मूलपेशीपर्यंत

गेलेले तारुण्य परत मिळावे ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. महाभारतातील ययातीने पुत्राकडून तारुण्य मागून घेतले. वृद्ध च्यवन ऋषीला अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, अशी कथा आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण ही दोन स्वतंत्र अंगे मानली गेली. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या विद्वानानेही वयाच्या पंचाहत्तरीनंतर, १९३८ मध्ये, कायाकल्पाचा प्रयोग करून घेतला आणि देशभरच्या वृत्तपत्रांत त्याची चर्चा झाली. तेव्हा या इच्छेला हसण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या इच्छेचा सौदा कोण, कोणत्या भावाने आणि कोणत्या पुराव्यावर करतो, हा.

या सौद्याला प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा प्रथम चढला तो युरोपात. १ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत जाहीर केले की, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्याने आपली शक्ती परत आली. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते. मात्र २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच पद्धतीने अर्क काढून पाहिला, तेव्हा त्यातील पुरुषसंप्रेरकाचे प्रमाण शरीरावर काहीही परिणाम होऊ नये इतके नगण्य निघाले. शक्ती परत आली होती ती श्रद्धेमुळे.

पुढे १९२० पासून पॅरिसमध्येच सर्ज व्होरोनॉफ हा शल्यविशारद माकडांच्या ग्रंथींचे काप श्रीमंत वृद्धांच्या शरीरात बसवू लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात जॉन ब्रिंक्ली नावाचा इसम बोकडाच्या ग्रंथी बसवून प्रत्येकी ७५० डॉलर घेत होता. १९३० मध्ये त्याचा परवाना रद्द झाला, परंतु तोपर्यंत तो अमाप श्रीमंत झालेला होता. स्वित्झर्लंडमधील पॉल निहान्स याने १९३१ पासून प्राण्यांच्या ताज्या पेशी टोचण्यास सुरुवात केली. ‘पेशी-उपचार’ हे नाव रूढ झाले ते त्याच्याच पद्धतीमुळे, आणि बारावे पोप पायस यांच्यासारखा रुग्ण लाभल्याने त्या नावाला वजनही आले.

मुंबई इलाखा या लाटेपासून अलिप्त नव्हता. डग्लस हेन्स या इतिहासकाराने १९०० ते १९४५ या काळातील पश्चिम भारतातल्या शक्तिवर्धकांच्या जाहिरातींचा अभ्यास केला आहे. जामनगरच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्यांची जाहिरात त्या काळी घरोघर पोचली होती. १९३० नंतरच्या दशकात ‘ओकासा’ हे जर्मन औषध ग्रंथिरसाच्या नव्या शास्त्राचा दाखला देत येथील वृत्तपत्रांत झळकू लागले. म्हणजे जो शब्द विज्ञानात नुकताच प्रतिष्ठा पावला असेल तो उचलावयाचा आणि जुन्याच मालावर चिकटवावयाचा, ही या धंद्याची शंभर वर्षांची रीत आहे. तेव्हा तो शब्द ग्रंथी हा होता. आज तो मूलपेशी हा आहे.

पुरावा कोठवर पोचला आहे?

याचा अर्थ मूलपेशींचे शास्त्र खोटे आहे असा मुळीच नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जा-रोपण झाले आणि तेव्हापासून रक्ताच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना या मार्गाने जीवदान मिळाले आहे. याच रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने विकसित झालेल्या, रक्तकर्करोगावरील देशी पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ती मान्यता रुग्णांवरील रीतसर चाचण्यांनंतर मिळाली, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे.

पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेबाबत चाचण्या झाल्या आहेत, पण त्या अगदी प्राथमिक स्वरूपाच्या आहेत. कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये सात मधुमेही पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिने फरक जाणवला, परंतु वर्षाच्या आत तो बहुतेकांत ओसरला. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे पुरःस्थ ग्रंथी काढून टाकल्यामुळे क्षमता गमावलेल्या १७ पुरुषांना त्यांच्याच चरबीतील पेशी टोचण्यात आल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार आठ जणांना समागम शक्य झाला. हा आकडा आशा वाढवणारा खरा, परंतु त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ती दुर्बलता शस्त्रक्रियेने आलेली होती, वयाने नव्हे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या उपचाराला ‘संशोधनाधीन’ म्हटले, ते याच कारणासाठी.

तुलनेचा गट नसेल तर काय बिघडते? १९९८ मध्ये सिल्डेनाफिल या गोळीची जी चाचणी प्रसिद्ध झाली तिच्यात याचे उत्तर सापडते. खरी गोळी घेणाऱ्यांचे शंभरांपैकी ६९ प्रयत्न यशस्वी झाले. पण जिच्यात औषधच नव्हते अशी गोळी घेणाऱ्यांचेही २२ प्रयत्न यशस्वी झाले. कामशक्ती हा देहाइतकाच मनाचा व्यापार आहे. हजारो रुपये मोजून, सुसज्ज दवाखान्यात, यंत्रांच्या साक्षीने टोचून घेतलेल्या सुईवर मनुष्याची श्रद्धा साध्या गोळीपेक्षा कमी बसेल काय? म्हणून ‘आमच्या अमुक रुग्णाला गुण आला’ हे सांगणे पुरावा ठरत नाही. ब्राऊन-सेकारलाही गुण आलाच होता.

वयोमानाने येणारी घट ही वस्तुस्थिती आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वर्षे वयाच्या १२९० पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ५२ टक्के पुरुषांनी कमीअधिक अडचण सांगितली. अर्थात ज्याला एकट्यावर कोसळलेले संकट वाटते, ते निम्म्याहून अधिक समवयस्कांच्या वाट्याला आलेले असते. संप्रेरकाची खरीखुरी उणीव मात्र विरळ असते. युरोपातील आठ देशांच्या पाहणीत, २०१० च्या अहवालाप्रमाणे, ४० ते ७९ वयोगटात ती २.१ टक्के पुरुषांतच आढळली. बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी असतात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मद्य, काही औषधे आणि मनावरचे ओझे.

यातील सर्वांत गंभीर बाब अशी की, शिश्नातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून अरुंद असतात. रक्तवाहिन्या आतून बुजू लागल्या तर त्याची खूण पुष्कळदा येथे आधी दिसते आणि छातीतील कळ काही वर्षांनी येते. निसर्गाने दिलेली ही आगाऊ सूचना आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. खर्ऱ्याची पुडी ज्या भागात पानठेल्यागणिक मिळते, त्या आपल्या भागात ही सूचना दुर्लक्षून मूलपेशींच्या मागे लागणे म्हणजे केवळ पैसा गमावणे नव्हे. प्राणावर बेतणारे ते दुर्लक्ष ठरू शकते.

बैलाचे दात आणि बियाण्याची पिशवी

आता बाजाराकडे वळू. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये आणि जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक गोष्ट सिद्धांतरूपाने मांडली. मालाविषयी विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजार आपोआप शहाणा होत नाही. उलट खोटा माल खऱ्याला हुसकावून लावतो. आपल्या शेतकऱ्याला हे कोणत्याही ग्रंथावाचून समजते. बैलबाजारात तो बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांदा चाचपतो आणि मगच सौदा करतो. विक्रेत्याचे अधिक ज्ञान आणि आपले कमी ज्ञान यांतील अंतर तो असे कमी करतो.

बियाण्याच्या बाबतीत हे जमत नाही. कपाशीचे वा सोयाबीनचे बी कसे आहे ते पेरल्यावरच कळते. म्हणून पावती, पिशवी आणि तिच्यावरील टॅग जपून ठेवावा, असे कृषी खाते सांगते. बी उगवले नाही तर शेतकरी तालुक्याला तक्रार करतो, अधिकारी बांधावर येतात, पंचनामा होतो. भरपाई नेहमी मिळतेच असे नाही. परंतु गावाला त्या दुकानाचे नाव कळते आणि पुढच्या हंगामात ते दुकान ओस पडते. बाजाराला शिस्त लावते ती ही बोलकी तक्रार.

पेशी-उपचाराच्या बाजारात यांतील काहीच नाही. दात पाहता येत नाहीत, कारण सुईत नेमके काय आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. बी उगवले नाही तर पंचनामा नाही, कारण तक्रार करणार कोण? ज्याने पत्नीलाही न सांगता, भविष्यनिर्वाह निधीतून किंवा कापूस विकून आलेल्या पैशातून रक्कम भरली, तो ग्राहक न्यायमंचापुढे उभा राहून काय सांगणार? वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. पण त्याचा लाभ घेण्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि येथे नेमके तेच अशक्य असते. गुण न आलेला ग्राहक गप्प राहतो आणि गुण आल्यासारखे वाटलेल्या ग्राहकाचे म्हणणे, नाव बदलून, जाहिरातीत छापले जाते. शंभर अपयशांतून एकही बाहेर पडत नाही. पाच यशे मात्र हजार ठिकाणी दिसतात. अशा बाजारात लबाडाचे दिवाळे निघण्याचे कारणच उरत नाही.

म्हणूनच संकोच हे या धंद्याचे खरे भांडवल आहे असे म्हणावे लागते. यंत्रे भाड्याने मिळतात, पदव्याही भिंतीवर टांगता येतात. ग्राहकाचे मौन मात्र समाजाने विक्रेत्याला फुकट पुरवले आहे.

कायदा आहे, पण

या बाबतीत कायदे नाहीत अशी तक्रार करता येणार नाही. १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय अधिनियमाने लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा वा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस बंदी घातली. तो कायदा झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा ठरली. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टानेही अकाली वार्धक्य आणि लैंगिक क्षमता यांवरील इलाजाचे दावे निषिद्ध ठरवले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अधिक स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे रोपण सोडले तर मूलपेशींचा अन्य कोणताही वापर हा प्रयोग समजावयाचा, तो परवानगी घेऊन चाचणी म्हणूनच करावयाचा आणि त्याचा धंदा करावयाचा नाही, असे त्यांत म्हटले आहे.

तरीही जाहिराती दिसतात, त्याचे कारण उघड आहे. कायदा जाहिरात करणाऱ्याला शोधतो आणि शोधणारी यंत्रणा अपुरी आहे. शिवाय मोबाइलवरील जाहिरात एका जिल्ह्यात दिसते, तिचा मालक दुसऱ्या राज्यात असतो आणि सुई तिसऱ्याच शहरात टोचली जाते. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने कोणत्या भिंतीसमोर उभे राहून पंचनामा करावा? पण निरीक्षकांची संख्या कितीही वाढवली तरी, जोवर ग्राहक बोलत नाही तोवर कायद्याला साक्षीदार मिळणार नाही.

कर्व्यांनी दाखवलेली वाट

महाराष्ट्राला या बाबतीत परका आदर्श शोधण्याची गरज नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्या कार्यापायी प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालवले. वाचक त्यांना खाजगी शंका विचारीत आणि कर्वे त्यांची रोखठोक, शास्त्राला धरून उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लोकांना हे प्रश्न पडतात, तेव्हा त्यांची जाणकाराने उत्तरे देणे हा गुन्हा कसा, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

तो दंड समाजाला महागात पडला असे आज म्हटले पाहिजे. जाणकाराच्या उत्तराला अश्लील ठरवले आणि भोंदूच्या जाहिरातीला भिंत मोकळी ठेवली. कर्व्यांचे काम पुढे नेण्यासाठी आज खटल्याचे भय नाही. उणीव आहे ती सार्वजनिक सोयीची. तालुक्याच्या रुग्णालयात मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी होते. त्याच वेळी चाळिशीनंतरच्या प्रत्येक पुरुषाला डॉक्टरने नेहमीच्या प्रश्नांत हा एक प्रश्न विचारला, तर रुग्णाला तो विषय स्वतः काढण्याचे ओझे राहणार नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आठवड्यातून एक दिवस तेथील तज्ज्ञांनी तालुक्याच्या ठिकाणी यावे, ही मागणी काही आकाशातला चंद्र मागण्यासारखी नाही. सिल्डेनाफिलसारखी पारखलेली औषधे आता महाग राहिलेली नाहीत. मात्र ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची असतात, कारण छातीच्या दुखण्यावरील नायट्रेटवर्गीय औषधांबरोबर ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.

यात शिक्षकांचा आणि सुशिक्षित नोकरदारांचाही वाटा आहे. गावात अर्ज लिहून देणारा, सातबारा वाचून दाखवणारा मनुष्य हाच पुष्कळदा कोणी विश्वासाने विचारतो असा एकमेव मनुष्य असतो. त्याने हसून विषय टाळू नये. शेतकरी बियाण्याची पावती व टॅग मागतो, तसे दवाखान्याकडे काय मागावयाचे एवढे तरी त्याने सांगावे. हा प्रयोग असेल तर भारताच्या चाचणी-नोंदणीतील क्रमांक काय? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. नैतिक समिती कोणती? इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हे लेखी मिळेल काय? आणि शेवटचा, सर्वांत सोपा प्रश्न म्हणजे, पैसे कोणाचे? नियमाप्रमाणे प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नसतात. जो दवाखाना सिद्ध न झालेल्या पेशींसाठी लाखाचे बिल करतो, त्याने त्याच क्षणी स्वतःविषयी सर्व काही सांगितलेले असते.

उद्या रीतसर चाचण्यांतून हा उपचार खरा ठरला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे, आणि तो श्रीमंतांपुरता न राहता सरकारी रुग्णालयातही मिळाला पाहिजे. तोवर पन्नाशीच्या पुरुषाला त्याच्या शरीरात झालेला बदल हा कलंक नाही, ती तपासून घेण्याची गोष्ट आहे, एवढे निःसंकोच सांगणारे कोणी तरी त्याच्या तालुक्यात असले पाहिजे. ते काम करण्यास सरकार आणि समाज जितका उशीर लावतील, तितके दिवस तारुण्याचा हा बाजार तेजीत राहील.